आधी काय खरं धरायचं?

संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या पाण्यावरची बागायत सोडली, तर बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. साकूर-घारगावचं पठार घ्या किंवा तळेगाव-निमोणकडची जिरायत घ्या, पावसाचा भरवसा नसल्यामुळे तिथं घरखर्चाचा आधार गोठाच असतो. संकरित गाई, गावोगावची संकलन केंद्रं, तालुका सहकारी दूध संघ, त्याच्या जोडीला खासगी डेअऱ्या असा हा पसारा आहे. या व्यवहारात सरासरीचे दावे रोज कानावर पडतात. त्यांतले दोन मला इथं शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. पहिला दुधाच्या पिशवीवर छापलेला असतो: 500 मिली. दुसरा पशुखाद्य किंवा पूरक मिश्रण विकायला गोठ्यावर आलेला माणूस करतो: हे चालू करा, गाईमागे दिवसाला सरासरी लिटरभर दूध वाढेल.

दोन्ही दावे धंद्यातले आहेत, दोन्ही सरासरीचे आहेत, आणि दोन्ही तपासायला संख्याशास्त्रातली पद्धतही एकच लागते. तरी तपासाची सुरुवात मात्र दोन्हीकडे उलट्या टोकांनी करावी लागते. असं का, हे नीट समजलं की सरासरीच्या कुठल्याही दाव्याकडे कसं पाहावं हे बरंचसं समजतं, असं मला वाटतं.

आधी पिशवी घेऊ. भरणाऱ्या यंत्रातून प्रत्येक पिशवीत नेमकं 500 मिली दूध कधीच पडत नाही. एखादीत 497 पडतं, एखादीत 504. म्हणजे पिशवीवरचा आकडा हा मुळात सरासरीबद्दलचा दावा असतो. तो तपासायचा तर पिशव्या वजन करून पाहायच्या. दुधाची घनता साधारण 1.03 असल्यामुळे अर्धा लिटर दूध सुमारे 515 ग्रॅम भरतं, रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं की मिलीचा हिशेब निघतो. समजा, एका दिवसाच्या मालातून मनात कुठलीही निवड न ठेवता 80 पिशव्या उचलल्या आणि त्यांची सरासरी 499.2 मिली आली. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही डेअरीचे नाहीत.) दाव्यापेक्षा 0.8 मिली कमी. आता काय म्हणायचं?

इथं दोन उत्तरं चटकन तोंडात येतात. ग्राहक म्हणतो, कमी ते कमीच, हा खोटेपणा आहे. डेअरीवाला म्हणतो, पाऊण मिलीनं काय बिघडतं? दोघंही एक गोष्ट विसरतात. याच मालातून दुसऱ्या 80 पिशव्या उचलल्या असत्या, तर सरासरी वेगळी आली असती. आपल्या हातात आलेली सरासरी स्वतःच डुलणारी आहे. म्हणून प्रश्न असा घालायचा: यंत्र खरोखरच सरासरीनं 500 मिली भरत असेल, तर 80 पिशव्यांची सरासरी निव्वळ योगायोगानं 499.2 किंवा त्याहून खाली किती वेळा गेली असती?

या प्रश्नात एक गोष्ट आपण गुपचूप कबूल केली आहे. दावा खरा आहे असं धरून आपण चाललो आहोत. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत याला शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी असल्याची खात्री आपल्याला नसते. विचार सुरू करण्यासाठी कुठे तरी उभं राहावं लागतं, ती ही जागा. मग पुरावा त्या जागेवरून आपल्याला हलवतो का, हे पाहायचं.

हलायला किती पुरावा पुरतो, हे पिशव्या आपसात किती वेगळ्या आहेत यावर अवलंबून असतं. या 80 पिशव्यांचं प्रमाण विचलन 4 मिली आलं असं धरू, म्हणजे एखादी पिशवी सरासरीपासून साधारण चारेक मिली इकडेतिकडे असते. पण 80 पिशव्यांची सरासरी एवढी हलत नाही, कारण कमी-जास्त एकमेकांना बरंचसं फेडून टाकतात. सरासरीच्या हालचालीचं माप काढायला 4 ला 80 च्या वर्गमुळानं भागायचं. उत्तर येतं साधारण 0.45 मिली. ही प्रमाण त्रुटी. आता 0.8 मिलीची तूट म्हणजे या मापाच्या 1.8 पट झाली. नेमकं 500 च्या सरासरीनं भरणाऱ्या यंत्राकडूनही एवढी किंवा याहून मोठी तूट शंभरात चारेक वेळा दिसेल.

वर्गमुळाचं हे गणित मन लावून पाहण्यासारखं आहे. सरासरी दुप्पट भरवशाची हवी असेल तर पिशव्या दुप्पट घेऊन चालत नाही, चौपट घ्याव्या लागतात. चार-दोन पिशव्या तोलून गवगवा करणाऱ्याचं म्हणणं हलकं का पडतं आणि हजारो पिशव्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला बारीकशी तूटही का दिसते, याचं कारण एवढंच आहे.

शंभरात चार ही गोष्ट दाव्यावरचा विश्वास काढून घेण्याइतकी दुर्मीळ आहे का? रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून मांडली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. त्या मापानं ही पिशवी नापास होते. पण वेष्टित मालाच्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेची 87 क्रमांकाची शिफारस आहे, तिचं माप वेगळं आहे. 80 नगांचा नमुना असेल तर प्रमाण विचलनाला 0.295 नं गुणायचं आणि तेवढी सवलत सरासरी तुटीतून द्यायची. आपल्या उदाहरणात ही सवलत 1.18 मिली होते, तूट 0.8 आहे, म्हणून माल पास. हा 0.295 आकाशातून पडलेला नाही. उलगडून पाहिलं तर त्यात हजारात पाच ही मर्यादा बसवलेली दिसते. नेमकं भरणाऱ्या हजार मालांपैकी पाचांवरच चुकीनं ठपका यावा, अशा बेतानं तो काढलेला आहे.

त्याच 80 पिशव्या एका मापानं नापास होतात आणि दुसऱ्यानं पास, हे पाहून पुष्कळांचा या शास्त्रावरचा विश्वास उडतो. मला मात्र इथंच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. आकडे बदलले नाहीत. बदलली ती एका बाजूची चूक आपण किती सोसायला तयार आहोत ही मर्यादा. तपासनीस एका वर्षात असंख्य माल तपासतो. वीसात एक ही मर्यादा ठेवली, तर नेमकं भरणाऱ्या दर वीस डेअऱ्यांपैकी एकीला विनाकारण खटल्याला सामोरं जावं लागेल. कायद्यानं दंड करायचा असेल तर हात आखडता घ्यायला हवा. त्याची किंमतही आहे: थोडं थोडं कमी भरणारा काही वेळा निसटतो. येरझी नेमन आणि इगन पिअर्सन यांनी 1933 मध्ये या दोन चुका स्वच्छ वेगळ्या करून मांडल्या. खऱ्याला खोटं ठरवणं ही एक, खोट्याला खरं समजून सोडणं ही दुसरी. नमुना तेवढाच ठेवून एक कमी केली की दुसरी वाढते.

आणखी एक गोष्ट इथं खटकते. पिशव्यांमधला फरक 4 ऐवजी 2 मिली असता तर सवलत 0.59 वर आली असती आणि तीच 0.8 ची तूट नापास झाली असती. म्हणजे नेटकं यंत्र पकडलं जातं आणि धसमुसळं सुटतं? पण नेटक्या यंत्राची सरासरी खाली असेल, तर ती योगायोगानं गेली असं म्हणायला जागाच उरत नाही, काटाच खाली बसवलेला असतो. आणि धसमुसळ्या यंत्रासाठी दुसरी अट आहे. आपल्याकडे 2009 चा वैध मापन कायदा आणि 2011 चे वेष्टित वस्तूंचे नियम यांत सरासरीबरोबरच एकेका नगाच्या तुटीलाही मर्यादा घातली आहे. अर्ध्या लिटरला ती 15 मिली आहे. फरक फार वाढला की या मर्यादेखाली जाणाऱ्या पिशव्या वाढतात आणि माल तिथं अडतो. नुसती सरासरी पाहिली असती तर एकाला 480 आणि दुसऱ्याला 520 देऊनही हिशेब बरोबर ठरला असता. सकाळी दारात एकच पिशवी येणाऱ्या घराला त्या हिशेबाचा काय उपयोग?

आता गोठ्यात येऊ. खाद्यानं गाईमागे लिटरभर दूध वाढतं म्हणतात. समजा एका शेतकऱ्यानं दहा गाईंवर ते करून पाहिलं. प्रत्येक गाईचं आधीचं आणि नंतरचं दूध मोजून फरक मांडला, लिटरमध्ये: 1.5, −0.5, 2, 0.5, −1.5, 1, 2.5, 0, 1.5, −1. सरासरी वाढ 0.6 लिटर. दहापैकी सहा गाई वाढल्या, तीन उतरल्या, एक होती तिथंच राहिली. विक्रेता म्हणेल, बघा, वाढलं की. शेजारचा म्हणेल, लिटरभर कुठं वाढलं?

फरकांचं प्रमाण विचलन 1.33 येतं, त्याला दहाच्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी 0.42. दहाच गाई असल्यामुळे इथं एक जास्तीची खबरदारी लागते, कारण एवढ्या थोड्या आकड्यांवरून काढलेलं विचलनही डळमळीत असतं. या अडचणीचं उत्तर एका कारखान्याच्या गरजेतून निघालं. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना बार्लीचे आणि मद्याचे मोजकेच नमुने हाती घेऊन निर्णय करावे लागत. त्यांनी 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं थोड्या नमुन्यांसाठीचं गणित प्रसिद्ध केलं. ‘टी’ चाचणी म्हणतात ती हीच. धंद्यातल्या सरासरीच्या प्रश्नातूनच ती जन्मली.

त्या गणितानं पाहू. खाद्याचा काहीच परिणाम नाही असं धरून सुरुवात केली, तर 0.6 ही वाढ प्रमाण त्रुटीच्या 1.43 पट आहे. दहा गाईंसाठी वीसात एक या मर्यादेला किमान 1.83 पट लागते. म्हणजे परिणाम नाही हे म्हणणं मोडत नाही. आता दुसऱ्या टोकानं सुरुवात करू. विक्रेत्याचं म्हणणं खरं धरू, वाढ एक लिटरच आहे. मग मिळालेली 0.6 ही त्याहून 0.4 नं कमी, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या एका पटीच्याही आत. तेही म्हणणं मोडत नाही.

या दहा गाई काहीच परिणाम नाही याच्याशीही जुळतात आणि लिटरभर वाढ याच्याशीही जुळतात. खरी वाढ उणे 0.35 पासून 1.55 लिटरपर्यंत कुठंही असू शकते, एवढंच त्या शंभरात पंच्याण्णवच्या भरवशानं सांगतात. अशा वेळी ज्याला खरं धरून सुरुवात केली तोच जिंकतो. विक्रेत्याला आपला दावा आधीच खरा धरायला मिळाला, तर तो म्हणणार, चाचणी घेतली, दावा खोटा ठरला नाही. हे वाक्य शब्दशः खरं असेल आणि तरीही शेतकऱ्याला पूर्णपणे फसवेल.

म्हणून माझं म्हणणं असं: चाचणीच्या गणितापेक्षाही महत्त्वाचा निर्णय गणित सुरू होण्याआधी होतो. सिद्ध करण्याचा भार कुणावर, हे कुठलाही आकडा ठरवून देत नाही. ते आपण ठरवायचं असतं, आणि चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर येईल हे पाहून ठरवायचं असतं. पिशवीच्या बाबतीत चुकीचा ठपका म्हणजे दंड आणि बदनामी, म्हणून तिथं डेअरीचा दावा खरा धरून चालणं आणि तो मोडायला भक्कम पुरावा मागणं योग्य आहे. खाद्याच्या बाबतीत चूक झाली तर पैसे शेतकऱ्याच्या खिशातून रोज जातात. तिथं परिणाम शून्य आहे असं धरायचं आणि तो शून्य मोडून दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकायची. ज्याला दाव्यातून पैसे मिळतात त्याला सुरुवातीची जागाही फुकट देणं मला अन्यायाचं वाटतं. आणि हे रोज घडतं. खाद्य, औषध, बियाणं, खत यांच्या माहितीपत्रकांवर सरासरी वाढ ठळक छापलेली असते. किती गाई, किती एकर, आणि फरक किती विखुरलेले, हे मात्र त्यावर शोधावं लागतं.

संकलन केंद्रावरच्या फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ) मापनाचा वाद तिसऱ्या तऱ्हेचा. भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, खाली गेलं की पॉइंटमागे कपात होते. यंत्र फॅट कमी दाखवतं अशी शंका आली, तर तेच नमुने गर्बर या रासायनिक पद्धतीनंही तपासून जोडीजोडीनं फरक मांडायचे. यंत्रानं जास्त दाखवलं तर केंद्राचं नुकसान, कमी दाखवलं तर गवळ्याचं. इथं दोन्ही बाजू सारख्याच मानून दोन्ही दिशांचा फरक तपासायला हवा.

सिद्धतेचा भार कुणावर, हा प्रश्न पिशवी आणि गोठ्यापुरता राहत नाही, हे महाराष्ट्रानं एका मोठ्या वादात पाहिलं आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. 1930 च्या दशकात लंडनला त्यांनी नेमन आणि इगन पिअर्सन यांच्याकडेच संख्याशास्त्राचं संशोधन केलं. परत येऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पन्न काढण्याच्या नमुना पद्धतीचा पाया घातला. वि. गो. पानसे यांच्याबरोबर 1954 मध्ये त्यांनी लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरलं. जागतिक अन्न आणि शेती संघटनेतली कारकीर्द संपवून ते पुण्यात आले आणि त्यांनी एक प्रश्न उभा केला. माणसाची उष्मांकाची सरासरी गरज अमुक आहे, म्हणून त्याहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मोजायचा का? गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं खाली गेल्यावरच एखाद्याला कुपोषित म्हणावं, असं ते म्हणत.

गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला होता आणि दारिद्र्याची रेषा माणशी रोजच्या 2250 उष्मांकांवर आखली होती. त्यांना सुखात्म्यांची भूमिका मान्य झाली नाही, आणि दोघांमध्ये प्रदीर्घ वाद झाला. दोघंही अव्वल दर्जाचे संख्याशास्त्रज्ञ होते, आकडेमोडीत कुणी कच्चा नव्हता. मी तो वाद असा वाचतो: सरासरीपेक्षा कमी खाणारा माणूस समोर आला, तर आधी काय धरायचं? तो निरोगी आहे असं धरून उपासमारीचा पुरावा मागायचा, की तो उपाशी आहे असं धरून निरोगीपणाचा? पहिल्या टोकानं सुरुवात केली तर काही उपाशी माणसं मोजणीतून सुटतात. दुसऱ्यानं केली तर काही धडधाकट माणसं तिच्यात शिरतात. सुखात्म्यांचा विचलनाबद्दलचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पण भुकेच्या प्रश्नात सुटणाऱ्यांची चूक मोजल्या गेलेल्यांच्या चुकीपेक्षा फार महाग असते, म्हणून तिथं माझं मन दुसऱ्या टोकाकडे झुकतं.

परत खाद्याकडे येतो, कारण तिथं करण्यासारखं काही आहे. दहा गाईंनी काही ठरलं नाही. चाळीस गाई असत्या, सरासरी वाढ तीच 0.6 आणि विखुरणंही तेवढंच असतं, तर प्रमाण त्रुटी 0.21 वर आली असती आणि वाढ तिच्या जवळपास तिप्पट दिसली असती. मग शून्य परिणामाचं म्हणणं टिकलं नसतं. चाळीस गाई एका गोठ्यात नसतात, पण गावच्या एका दूध संस्थेत सहज असतात, आणि कुठल्या सभासदाचं दूध सकाळ-संध्याकाळ किती आलं हे संस्थेकडे लिहिलेलंच असतं. गाईगणिक मोजण्याची भर तेवढी सभासदांनी घालायची.

मात्र नुसतं आधी आणि नंतर मोजून चालणार नाही. व्यायल्यावर पहिले काही आठवडे गाईचं दूध आपोआप चढतं, मग हळूहळू उतरतं. उन्हाळ्यात संकरित गाय आटते, पावसाळी हिरवा चारा सुरू झाला की सुधारते. जूनमध्ये खाद्य चालू केलेल्या गोठ्यात जुलैत वाढलेलं दूध पावसाचं की पोत्यातलं, हे कुठलीही ‘टी’ चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी निम्म्या गाईंना नेहमीचं खाद्य आणि निम्म्यांना नवं, आणि कुठली गाय कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दोन गटांची तुलना करताना विखुरणं दोन्हीकडून येतं, म्हणून गाई चाळिसाहूनही जास्त लागतील. एका गावात जमल्या नाहीत तर शेजारच्या दोन संस्थांनी मिळून करावं.

आणि वाढ सिद्ध झाली तरी एक बेरीज उरते. समजा दुधाला लिटरला 30 रुपये मिळतात. मग 0.6 लिटरचे 18 रुपये. त्या खाद्याचा गाईमागे रोजचा जास्तीचा खर्च 20 रुपये असेल, तर चाचणीत पास झालेलं खाद्य गोठ्यात तोट्याचंच ठरतं. म्हणून प्रयोगाच्या वहीच्या पहिल्या पानावर, गाईला पहिलं घमेलं टाकण्याआधी, संस्थेच्या सचिवानं एवढं लिहून ठेवावं: वाढ शून्य धरली आहे, खर्च भागायला गाईमागे किमान इतकी वाढ लागते, आणि गाई इतक्या घेतल्या आहेत. खाली विक्रेत्याची सही घ्यावी.